जुन्या जीपचं ६ व्होल्टचं पेट्रोल मीटर १२ व्होल्टवर चालवायचंय तर रेझिस्टर काढ आणि हे कर

तू मला काका म्हटलंस म्हणून मीही सरळ तू म्हणतोय. तुझा प्रश्न आधी माझ्या शब्दांत सांगतो, म्हणजे मला नीट समजलाय की नाही ते तुला कळेल. आजोबांची जुनी जीप मूळची ६ व्होल्टची, तू डायनामो काढून १२ व्होल्टचा अल्टरनेटर आणि बॅटरी टाकलीस, बल्ब हॉर्न सगळं बदललंस, पण डॅशबोर्डवरचं पेट्रोलचं मीटर आजोबांच्या वेळचंच ठेवायचंय. १२ व्होल्ट दिल्यावर काटा एफच्या पुढे जाऊन अडकायला लागला म्हणून मिस्त्रीने मध्ये ३३ ओहमचा पांढरा सिमेंटवाला ५ वॅटचा रेझिस्टर टाकून दिला. आता टाकी फुल असली की काटा अगदी एफवर येतो, मिस्त्री खूश, तूही खूश, पण परवा महू रोडवर पेट्रोल संपून गाडी बंद पडली तेव्हा काटा पाव आणि अर्ध्याच्या मध्ये उभा होता. आणि दुसरं असं की रेझिस्टरच्या पुढची वायर मीटरवरून काढून तिथे मल्टीमीटर लावलास तर तिथेही १३.८ व्होल्टच दिसतात, मग हा रेझिस्टर व्होल्टेज कमी करतोय तरी का, असं तू विचारलंयस.

तू एक काम फार चांगलं केलंस की आकडे मोजून पाठवलेस. मीटरच्या दोन टर्मिनलमध्ये १५ ओहम, टाकीतल्या सेंडरचे, म्हणजे पेट्रोलची पातळी मोजणाऱ्या भागाचे, रिकामी असताना ७० ओहम, अर्धी असताना ३० आणि फुल असताना १०. लोक नुसतं "काका काटा चुकतो" एवढं लिहितात, त्यावर काय सांगणार. या चार आकड्यांत तुझं पूर्ण उत्तर आहे, ते कसं ते दाखवतो.

आधी रेझिस्टरपुढे १३.८ का दिसले ते घेऊ कारण सगळी गडबड तिथेच आहे. आपल्याकडे इंदौरला नर्मदेचं पाणी येतं ते तू रोज बघतोस. मेन लाइनवरचा वॉल्व्ह अर्धा फिरवून ठेव आणि घरातले सगळे नळ बंद कर, थोड्या वेळाने नळाला प्रेशर गेज लावलास तर पूर्ण प्रेशर दिसेल, कारण पाणी वाहतच नाहीये तर अर्ध्या वॉल्व्हवर प्रेशर पडणार कसं. एक नळ उघडला की थोडं पडेल, चार उघडले की धार बारीक होईल. रेझिस्टर म्हणजे हा अर्धा फिरवलेला वॉल्व्ह. त्यातून करंट वाहील तेवढंच व्होल्टेज तो खाणार, तू वायर काढून मोजलंस तेव्हा करंट शून्य होता म्हणून त्याने काहीच खाल्लं नाही. मल्टीमीटर खोटं बोलला नाही आणि रेझिस्टरही खराब नाहीये.

आता याच्या उलट गच्चीवरची टाकी घे. एक नळ उघडा का चार उघडा, टाकीची उंची तेवढीच आहे म्हणून प्रेशर जवळपास तेवढंच राहतं. तुझ्या मीटरला ही गच्चीवरची टाकी पाहिजे, अर्धा वॉल्व्ह नाही.

हे इतकं महत्त्वाचं का, तर पेट्रोल मीटरचा करंट कधीच एकसारखा नसतो आणि तो एकसारखा नसणं हेच त्या मीटरचं काम आहे. सर्किट अगदी साधं आहे, चाबीतून आलेली वायर मीटरच्या एका टर्मिनलला, दुसऱ्या टर्मिनलवरून वायर टाकीतल्या सेंडरला, आणि सेंडर टाकीच्या बॉडीतून अर्थला. सेंडरमध्ये फ्लोट खाली-वर होतो तसा त्याचा रेझिस्टन्स बदलतो, रेझिस्टन्स बदलला की करंट बदलतो, आणि काटा तो करंट दाखवतो. म्हणजे बल्बसारखं एका ठरलेल्या करंटवर चालणारं हे सामान नाहीये. बल्बसाठी रेझिस्टर मोजून टाकला तर चालून जातो, इथे नाही.

तुझेच आकडे टाकून बघू. मूळ ६ व्होल्टवर टाकी फुल असताना एकूण १५ आणि १० मिळून २५ ओहम, म्हणजे ६ भागिले २५ बरोबर २४० मिलिअँप. रिकामी असताना १५ आणि ७० मिळून ८५ ओहम, म्हणजे साधारण ७० मिलिअँप. तर या मीटरला २४० मिळाले की एफ आणि ७० मिळाले की ई, असं त्याचं आयुष्यभराचं गणित आहे. मिस्त्रीने काय केलं, फुलच्या वेळचा हिशोब धरला. १३.८ मधून ७.८ व्होल्ट खायचेत, करंट २४०, म्हणजे साडेबत्तीस ओहम, बाजारात ३३ चा मिळतो तो टाकला. गणित चूक नाही त्याचं. फुल टाकीला १३.८ भागिले ५८ म्हणजे २३८ मिलिअँप, काटा एफवर, सगळं छान. पण टाकी रिकामी झाल्यावर एकूण झाले १५, ७० आणि वरचे ३३, म्हणजे ११८ ओहम, आणि करंट ११७ मिलिअँप. सत्तर पाहिजे होते, मिळाले एकशेसतरा. आता मीटरच्या बाजूने विचार कर, त्याला तर वाटतंय की आपल्याला ६ व्होल्टच आहेत, मग ६ व्होल्टवर ११७ मिलिअँप कधी यायचे, तर एकूण ५१ ओहम असताना, म्हणजे सेंडर ३६ ओहमवर असताना. तुझा सेंडर ३० ला अर्धा आहे. म्हणजे ३६ हे अर्ध्यापेक्षा जरा खाली. परवा महू रोडवर काटा जिथे उभा होता तिथेच हे गणित आणून ठेवतं.

रेझिस्टर कितीचाही टाकलास तरी हे असंच राहणार. फुलला बरोबर केलं तर रिकाम्याला चुकणार, रिकाम्याला बरोबर करायला जास्त ओहमचा टाकला तर फुल टाकीला काटा वर चढायचाच नाही. आणि यातली वाईट गोष्ट अशी की चूक नेमकी खालच्या टोकाला होते, जिथे माणसाला मीटरची खरी गरज असते. फुल टाकी आहे हे कोणाला मीटरने सांगायला लागत नाही, आत्ताच पंपावरून आलेला असतो तो.

मी हे एवढं जोर देऊन का सांगतोय त्याला कारण आहे. मी नवीन नवीन दुकान टाकलं होतं तेव्हा असाच एक रेझिस्टर मी स्वतः एका गिऱ्हाइकाच्या जीपला बसवून दिला होता. गाडी दुकानासमोर उभी, टाकी फुल, काटा एफवर, पैसे घेतले. ते लोक घरच्यांना घेऊन ओंकारेश्वरला गेले आणि येताना रात्री सिमरोलच्या घाटात पेट्रोल संपलं, लहान मुलं बरोबर, आणि काटा पावच्या वर. दुसऱ्या दिवशी ते दुकानात आले. भांडले नाहीत, आवाजसुद्धा चढवला नाही, फक्त एवढंच विचारलं की "तुम्ही बसवलं तेव्हा टाकी रिकामी असताना काटा कुठे येतो ते बघितलं होतं का?" मी नव्हतं बघितलं. त्यांचे पैसे परत केले आणि तेव्हापासून माझ्या हातून पेट्रोल मीटरचं कुठलंही काम रिकामी टाकी आणि भरलेली टाकी दोन्हीला काटा बघितल्याशिवाय बाहेर जात नाही. टाकी खरीच रिकामी करायला लागत नाही, सेंडरची वायर काढून तिथे ७० ओहमचा आणि मग १० ओहमचा रेझिस्टर अर्थला लावून बघता येतं, ते पुढे सांगतो.

काही विकत घ्यायच्या आधी एक टेस्ट कर. पाच मिनिटांचं काम आहे आणि खर्च चार पेन्सिल सेलचा. चार सेल एकापुढे एक लावले की ६ व्होल्ट. मीटरची चाबीकडून येणारी वायर काढ, टोकाला टेप गुंडाळ, आणि त्या टर्मिनलला सेलचं प्लस दे, सेलचं मायनस गाडीच्या बॉडीला. सेंडरची वायर आहे तशीच राहू दे. आता घड्याळ लावून बघ. काटा हळूहळू सरकत वीस-तीस सेकंदांनी जागेवर थांबला तर ते बायमेटलचं म्हणजे तापून वाकणाऱ्या पट्टीचं मीटर आहे, आत पट्टीवर बारीक तार गुंडाळलेली असते, करंटने ती तापते, पट्टी वाकते आणि काटा ढकलते. तू लिहिलंयस की काटा आरामात चढतो, म्हणजे तुझं हेच आहे. चाबी फिरवताच काटा टणकन उडी मारून जागेवर गेला असता तर ते मॅग्नेटवालं, आत दोन कॉइल असतात आणि काटा त्यांच्या ओढाताणीत मध्ये उभा राहतो, व्होल्टेज थोडं कमी-जास्त झालं तर दोन्हीकडे सारखंच होतं म्हणून त्याला फरक फारसा पडत नाही. तसलं मीटर असेल तर पुढचं बरंचसं तुला लागूच होत नाही.

सेलवर काटा टाकीतल्या पेट्रोलप्रमाणे बरोबर आला तर मीटर, सेंडर, सेंडरची वायर आणि टाकीची अर्थ, चारही गोष्टी ठीक आहेत आणि फक्त व्होल्टेजचा प्रश्न उरला. सेलवरसुद्धा चुकला तर मात्र आधी टाकीची अर्थ बघ. बॉडीला नवा रंग मारताना टाकीच्या बोल्टखालीसुद्धा रंग जातो आणि अर्थ निघून जाते, रिस्टोअर केलेल्या गाड्यांत मी हे इतक्या वेळा बघितलंय की आता मी गाडी आली की आधी टाकीपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत ओहम मोजतो आणि मगच बोनेट उघडतो. एक ओहमच्या आत यायला पाहिजे.

आता लावायचं काय. ७८०६ नावाचा तीन पायांचा रेग्युलेटर. जेल रोडला किंवा महारानी रोडला कुठल्याही इलेक्ट्रॉनिक सामानाच्या दुकानात मिळेल, किंमत चहा-पोह्याइतकी. छापलेली बाजू आपल्याकडे, पाय खाली, असा धरला की डावा पाय इनपुट, मधला अर्थ, उजवा आउटपुट. आत १३.८ जाऊ दे का १२ जाऊ दे, बाहेर ६ च येणार, आणि मीटर ७० मिलिअँप ओढो का २४०, तरी ६ च. ही तुझी गच्चीवरची टाकी. एक अँपिअरपर्यंत देतो, तुला त्याच्या पाव हिस्सासुद्धा लागत नाही. त्याला फक्त इनपुटला साधारण ८ व्होल्टच्या वर पाहिजेत, म्हणजे सेल्फ मारताना बॅटरी खाली बसली तर क्षणभर काटा हलेल, हललेला दिसणारही नाही कारण पट्टी तशी आरामात चालणारी आहे.

पण नुसता ७८०६ वायरमध्ये लटकवून टेप गुंडाळून दिला असं करू नकोस, सगळे इथेच चुकतात. दोन शत्रू आहेत त्याचे, एक गर्मी आणि दुसरा अल्टरनेटरचा झटका.

गर्मीचं बघ. फुल टाकीला तो ७.८ व्होल्ट खातो गुणिले ०.२४ म्हणजे जवळपास १.९ वॅट त्याच्या अंगावर पडतात. उघड्या हवेत नुसता ठेवला तर प्रत्येक वॅटमागे तो साधारण ५० ते ६५ अंशांनी तापतो, म्हणजे शंभराच्या आसपास चढला, त्यात मे महिन्यात आपल्याकडे डॅशबोर्डच्या मागे पंचेचाळीस तर सहज असतात. दीडशेच्या आसपास गेला की तो स्वतःला वाचवायला बंद होतो, थंड झाला की परत चालू. मग गिऱ्हाईक येऊन सांगतं की दुपारी काटा पडतो आणि संध्याकाळी आपोआप ठीक होतो, आणि बिचारा मिस्त्री सेंडर बदलून देतो. म्हणून त्याच्या पाठीचा धातूचा पत्रा डॅशबोर्डमागच्या जाड पत्र्याला रंग खरवडून थोडं हीट सिंक कंपाउंड लावून बोल्टने कस. ७८०६ चा पत्रा आतून मधल्या पायाला म्हणजे अर्थलाच जोडलेला असतो, तुझी गाडी निगेटिव्ह अर्थ आहे, म्हणजे बॅटरीचा मायनस बॉडीला आहे, म्हणून सरळ बॉडीला कसला तरी चालतो, मध्ये इन्सुलेशनला अभ्रक लागत नाही, आणि अर्थची वायरसुद्धा वाचते, तरी मी मधल्या पायाला वेगळी वायर देतोच कारण जुन्या गाडीत बोल्ट ढिला होणार हे धरूनच चालायचं. आणि ही ढिली अर्थ साधी गोष्ट नाही, मधल्या पायाची अर्थ सुटली की आउटपुटला जवळपास पूर्ण १२ व्होल्ट येतात आणि मीटर जातं.

झटक्याचं असं, की गाडी चालू असताना बॅटरीच्या वायरचा थिंबल म्हणजे टोकाची कडी ढिली होऊन क्षणभर सुटला तर अल्टरनेटरचं व्होल्टेज कित्येक पट उसळतं, ७८०६ ची सहनशक्ती ३५ व्होल्टपर्यंतच आहे. म्हणून इनपुटच्या आधी क्रमाने असं लाव, इग्निशनच्या वायरवर १ अँपिअरचा फ्यूज, मग १एन ४००७ डायोड सरळ दिशेने (पट्टीची बाजू रेग्युलेटरकडे), म्हणजे कोणी बॅटरी उलटी लावली तरी काही होणार नाही, मग १० ओहमचा २ वॅटचा रेझिस्टर, आणि त्यानंतर इनपुट पायाहून अर्थला पी६केई२४ए नावाचा टीव्हीएस डायोड, पट्टीची बाजू इनपुटकडे. तो ३३ व्होल्टच्या आसपास झटका पकडून ठेवतो आणि १० ओहमवाला त्याचा जोर कमी करतो. तू म्हणशील काका आत्ताच रेझिस्टरला नावं ठेवलीत आणि परत तोच, तर हा रेग्युलेटरच्या आधी आहे, तो किती खातो याने फरक पडत नाही, नंतर ७८०६ सहा करूनच देणार. फुल टाकीला हा २.४ व्होल्ट आणि डायोड ०.७ खातो, म्हणजे १३.८ चे १०.७ उरले, गर्मीही १.९ वरून १.१ वॅटवर आली. इंजिन बंद, बॅटरी १२ वर असली तरी ८.९ उरतात, पुरे आहेत. पायांना अगदी लगटून इनपुटला ०.३३ आणि आउटपुटला ०.१ मायक्रोफॅरडचे कपॅसिटर अर्थला सोल्डर कर, त्याशिवाय कधीकधी रेग्युलेटर आतल्या आत थरथरतो आणि व्होल्टेज नीट धरत नाही.

इनपुट घेताना ते इग्निशन स्विचच्या फ्यूजनंतरच्या वायरवरून घे, इग्निशन कॉइलच्या प्लसवरून नको. तिथे जवळ पडतं म्हणून बरेच जण तिथूनच घेतात, पण ती जागा झटक्यांची आहे आणि काही गाड्यांत तिथे मध्ये कॉइलचं व्होल्टेज कमी करणारा बॅलास्ट रेझिस्टर असतो त्यामुळे व्होल्टेजही पूर्ण नसतं. आणि रेग्युलेटर नेहमी मीटरच्या आधी, चाबीच्या बाजूला. मीटर आणि सेंडरच्या मधल्या वायरमध्ये काहीच घालायचं नाही.

आता एक बारीक गोष्ट सांगतो. ६ व्होल्टची गाडी म्हणायला ६ ची, पण गाडी चालू असताना डायनामो चार्ज करत असायचा तेव्हा लाइनवर ७ च्या आसपास असायचे. म्हणजे काही मीटर कारखान्यातूनच तेवढं धरून लावलेले असायचे. तर ७८०६ लावून टाकी गळ्यापर्यंत भरली तरी काटा एफच्या जरासा आधी थांबतोय असं दिसलं, तर सेंडरचा दांडा वाकवायला जाऊ नकोस. ७८०६ च्या मधल्या पायात आणि अर्थमध्ये एक १एन ४००७ टाक, पट्टीची बाजू अर्थकडे, आउटपुट ६.६ च्या आसपास होईल. फक्त मग पत्रा अर्थला टेकून चालणार नाही, तिथे अभ्रक आणि बोल्टला प्लॅस्टिकचा बुश लावायलाच लागेल, नाहीतर डायोड शॉर्ट झाल्यासारखाच झाला आणि तू म्हणशील काही फरक पडला नाही.

तुला कोणीतरी एलएम ३१७ रेग्युलेटर सुचवलाय, तोही चांगला, २४० आणि ९१० ओहमचे दोन रेझिस्टर लावले की बरोबर ६ येतात, पण त्याचे पाय वेगळे आहेत, डावा अ‍ॅडजस्ट, मधला आउटपुट, उजवा इनपुट, आणि पत्रा आउटपुटला जोडलेला असतो म्हणून बॉडीला कसलास तर सरळ शॉर्ट. आणि ९१० च्या जागी कृपा करून प्रीसेट, म्हणजे स्क्रू फिरवून कमी-जास्त करायचा रेझिस्टर, लावू नकोस. जीप हलते, प्रीसेटचा स्पर्श सुटला की आउटपुटला जवळजवळ पूर्ण व्होल्टेज येतं आणि आजोबांचं मीटर जळतं. हीच भीती त्या तयार मिळणाऱ्या एलएम २५९६ च्या निळ्या प्रीसेटवाल्या मॉड्युलची आहे. गर्मी कमी, काम चोख, मी वाईट म्हणत नाही, पण बहुतेकांत तो प्रीसेट उघडा पडला की आउटपुट वर जातं, शिवाय एफएम रेडिओ असेल तर त्यात सूं असा आवाज येतो. दोनशे-अडीचशे मिलिअँपसाठी एवढा खटाटोप कशाला. हां, ट्रकवाल्यांसाठी तो बरा. देवास नाक्यावरून माझ्याकडे २४ व्होल्टच्या गाड्या येतात, १२ व्होल्टचं मीटर लावायचं असतं, चालू गाडीत २८ व्होल्ट असतात, तिथे ७८१२ वर, म्हणजे १२ व्होल्टच्या रेग्युलेटरवर, १६ व्होल्टचा भार पडतो, तेव्हा हे एलएम २५९६ चं बक मॉड्युलच बरं, सेट करून प्रीसेटवर नेलपॉलिशचा थेंब टाकायचा आणि तो वाळला की मगच मीटर जोडायचं. दोन बॅटऱ्यांच्या मधून १२ व्होल्ट ओढायचं मात्र कधीच करू नये, खालची बॅटरी उपाशी राहते आणि वरची जास्त चार्ज होऊन उकळते, सहा महिन्यांत दोन्ही जातात.

तू शेवटी लिहिलंयस की मित्राच्या जुन्या गाडीत कारखान्यातूनच एक छोटी डबी असते ती काय. तो स्टॅबिलायझर. जुन्या इंग्लिश डिझाइनच्या १२ व्होल्टच्या गाड्यांत मीटर १० व्होल्टवर चालायचे आणि त्या डबीत तापून उघडणारे-मिटणारे पॉइंट असतात, सरासरी १० मिळतात. त्याच्यावर मल्टीमीटर लावला तर आकडा उड्या मारतो, कधी शून्य कधी बारा, ते खराब नाही, ते तसंच असतं. पण त्या डबीची अर्थ सुटली तर ती पूर्ण १२ सोडते, पेट्रोल आणि टेम्परेचर दोन्ही काटे एकदम वर दिसायला लागतात. दोन्ही वर, तर डबी बघ. एकच वर, तर त्याचा सेंडर बघ. मित्राला बदलायचीच असेल तर १० व्होल्टचा ७८१० रेग्युलेटर नको, त्याला इनपुट १२ च्या वर लागतं, इंजिन बंद असताना तो कमी पडतो. एलएम २९४० चा १० व्होल्टवाला घ्यायला सांग, तो अर्ध्या व्होल्टच्या फरकावरही चालतो आणि गाडीसाठीच बनवलेला आहे, फक्त आउटपुटला २२ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर हवाच.

काम करताना एक काळजी, आणि ही मी हात जोडून सांगतोय. या जीपांत टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली असते. सीट काढून सेंडरला हात लावायच्या आधी बॅटरीचा मायनस काढ, गाडी मोकळ्या हवेत ठेव, आणि सेंडरच्या टर्मिनलला बॅटरीची वायर थेट लावून "बघू काटा हलतो का" असं कधीही करायचं नाही. सेंडरमधली तार केसासारखी असते, फुल टाकीला तिचे १० च ओहम असतात, १२ व्होल्ट दिले तर सव्वा अँपिअर जाईल, ती लाल होईल, आणि ती कुठे आहे तर पेट्रोलच्या वाफेत. टेस्ट लॅम्पची टोकं तिथे टेकवणंसुद्धा नको, ठिणगी पडायला किती वेळ लागतो.

टेस्ट मीटरच्या बाजूने करायची. मीटरवरून सेंडरची वायर काढ, त्या टर्मिनलला अर्थपर्यंत एक १० ओहमचा ५ वॅटचा रेझिस्टर लाव, चाबी चालू कर, अर्धा मिनिट थांब, काटा एफवर यायला पाहिजे. मग ७० ओहमसाठी ६८ चा मिळतो तो लाव, परत अर्धा मिनिट, आता काटा ई वर. मग ३३ चा लाव, अर्ध्याच्या जरा खाली यायला पाहिजे. आणि हा ३३ चा विकत घेऊ नकोस, मिस्त्रीने टाकलेला तोच वापर. तिन्ही वेळेला मीटरच्या इनपुट टर्मिनलवर मल्टीमीटर लावून ठेव, आकडा ६ वरून हलायला नको. हलला तर रेग्युलेटरच्या आधीचं, नंतरचं किंवा त्याच्या अर्थचं कुठलंतरी सोल्डर किंवा थिंबल कच्चं आहे.

हे सगळं जमलं की एक शेवटचं काम राहतं. टाकी अगदी आटत आली की एका लोखंडी कॅनमध्ये पेट्रोल आण आणि पाच-पाच लिटर टाकत जा, दर वेळी सपाट जागेवर गाडी उभी करून चाबी चालू कर, मिनिटभर थांब आणि काटा कुठे आला ते वहीत लिही. फ्लोट आणि टाकीचा आकार यामुळे काटा सगळीकडे सारखा सरकत नाही, वरच्या अर्ध्यात आरामात उतरेल आणि खाली भरभर, किंवा उलट. तो कागद ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेव, आणि १० ओहमवर काटा एफच्या किती आधी थांबला ते मला लिही, म्हणजे मधल्या पायात डायोड टाकायचा की नाही ते ठरवू.